रंगरंगोटीला गाव बोलावता, तसे हिशेबालाही बोलवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील एका आरोग्य उपकेंद्राची बातमी आपल्या दैनिकात छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. गावाने वर्गणी काढली, तरुणांनी श्रमदान केले, भिंतींना रंग दिला, अंगणात फरशी बसवली. 'लोकसहभागातून उपकेंद्राचा कायापालट' असा मथळा होता. त्या तरुणांचे मी मनापासून अभिनंदन करते. चांगल्या खोलीत तपासणी झाली की बाळंतीण बाईच्या मनाला किती फरक पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही ती बातमी मी पुन्हा वाचली, कारण त्यात मला काही प्रश्नांची उत्तरे हवी होती आणि ती मिळाली नाहीत. उपकेंद्र कोणत्या दिवशी, किती वाजता उघडे असावे, हे गावाला कोणी विचारले का? औषधांचा साठा संपला तर गावाने कोणाला जाब विचारायचा, हे ठरले का? सरकारकडून दरवर्षी जो निधी येतो, तो कशावर खर्च झाला हे कोणी चावडीवर वाचून दाखवले का? वर्गणी आणि घाम गावाचा, आणि निर्णय मात्र तालुक्याचे, याला लोकसहभाग म्हणायला माझे मन तयार होत नाही. म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. सुरुवात आरोग्य सेविका म्हणून केली. नोकरीचा बहुतेक काळ अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात गेला. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा नियम आहे. कागदावर तो बरा दिसतो. प्रत्यक्षात ते तीन हजार लोक आठ-दहा वाड्यांत विखुरलेले असतात, मध्ये ओढे असतात, पावसाळ्यात काही वाड्यांचा संपर्कच तुटतो. अशा ठिकाणी एकटी नर्सबाई काय करू शकते आणि गाव सोबत असले तर काय होऊ शकते, यातला फरक मी माझ्या पायांनी चालून शिकले आहे.

लसीकरणाचेच सांगते. आमच्या एका वाडीत सत्राला बायका येत नसत. मासिक सभेत त्या वाडीच्या नावापुढे कारण लिहिले जाई, 'अज्ञान व उदासीनता'. सत्र असे महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, गावठाणातल्या अंगणवाडीत. जून-जुलैत आवणी सुरू झाली की अकरा वाजता त्या वाडीत म्हातारी माणसे आणि कोंबड्याच असत, कारण सगळ्या बायका गुडघाभर चिखलात वाकून भात लावत असत. लेकरू बांधावर गोणपाटाच्या आडोशाला झोपवलेले. आवणीची मजुरी वर्षात एकदाच येते. तो दिवस बुडवून, दोन ओढे ओलांडून, ताप आणणारी सुई टोचून घ्यायला कोण येईल? यात अज्ञान कुठे आले?

शेवटी वाडीतल्या बायकांबरोबरच बसलो, त्यांच्याच ओट्यावर, रात्री जेवणे झाल्यावर. त्या म्हणाल्या, सांजेला या. मी त्यांना आमची अडचण सांगितली. लस बर्फाच्या डब्यातून येते, तो डबा त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात परत जावा लागतो. गोवराची किंवा बीसीजीची कुपी एकदा पातळ केली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकून द्यायची. एका लेकरासाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया जातात. आजवर हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एका आजीने लगेच विचारले, "मग पोरं एकदमच गोळा झाली तर तुमचं औषध वाचतं ना?" आणि तिथेच ठरले. आवणीच्या दिवसांत सत्र सकाळी सातला, वाडीतच, बायका रानात जायच्या आधी. डबा आणणाऱ्या माणसाने पहाटे निघायचे. इतर महिन्यांत बाजाराच्या दिवशी दुपारी, कारण त्या दिवशी वाड्या-वाड्यांतल्या बायका लेकरे घेऊन खाली उतरतातच. वेळापत्रक बदलायला वरची मंजुरी लागत होती. ती मिळायला वेळ लागला, पण मिळाली. नंतर त्या वाडीत लेकरे गोळा करायला मला दारोदार फिरावे लागले नाही. ते काम त्या आजीनेच अंगावर घेतले.

लोकांना विचारा म्हणजे काय, हे मला त्या ओट्यावर कळले. लोकांना त्यांच्या दिवसाची माहिती असते, आम्हाला लसीची. दोन्ही एकत्र आल्याशिवाय सत्र भरत नाही.

आमच्याच जिल्ह्यात जामखेडला हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाले, याचा मला नगरची म्हणून अभिमान आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना गावात ठेवून पाहिले, ते जमले नाही. तेव्हा गावातलीच बाई निवडा आणि तिला शिकवा, ही सूचना गावकऱ्यांकडून आली. निवडल्या गेलेल्या बायांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला जमायच्या, शिकायच्या, आपापल्या गावातल्या अडचणी सांगायच्या आणि परत जायच्या. दुष्काळाचा काळ होता. गावे म्हणाली, आधी पाण्याचे बघा. प्रकल्पाने आधी पाण्याचे पाहिले आणि हातपंप दलित वस्तीत बसवले. सगळ्या गावाला तिथे पाण्याला यावे लागले. औषधाची एक गोळीही न देता त्या पंपांनी जे काम केले, ते कुठल्या तक्त्यात मांडणार? पण तक्त्यात मांडता येणारेही आहे. तिथल्या गावांत १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ साली, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा आटा येथे जगभरातल्या देशांनी प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मान्य केला. आपल्या आरोग्य सेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नुसती अंमलबजावणी नाही, आखणीसुद्धा.

मी प्रशिक्षणाच्या निमित्ताने जामखेडला गेले होते. आम्हा नर्सेसना शिकवायला समोर उभी होती नऊवारी नेसलेली एक बाई, शाळेची पायरी न चढलेली. गरोदर बाईच्या पायावर सूज असेल तर काय काय बघायचे, हे तिने इतके नेमके सांगितले की आमच्यातल्या कोणीही वही मिटली नाही. रक्तदाब का मोजायचा हे तिला माहीत होते. शिवाय गरोदर बाई दवाखान्यात यायला का कचरते, सासू आडवी का येते, नवऱ्याशी कधी बोलायचे, हेही माहीत होते. यातला दुसरा भाग आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात नव्हता.

गडचिरोलीचे काम वाचकांना माहीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' या संस्थेचा दवाखाना उभारताना आदिवासींनाच विचारले की तुम्हाला दवाखाना कसा हवा. झोपड्यांच्या गावासारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, त्यांच्या दंतेश्वरी देवीच्या नावाचा दवाखाना त्यातून झाला. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचा श्वास मोजणे, त्याला उबेत ठेवणे, न्यूमोनिया ओळखणे आणि उपचार करणे. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी भेटी देतात. म्हणजे जे पुढे सरकारी योजनेत आले, ते महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या बायांनी आधी करून दाखवले होते.

मग अडते कुठे? कायदे-नियमांत तर अडत नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्यात निम्म्या तरी महिला असाव्यात, वंचित वस्त्यांना जागा असावी, दर महिन्याला बैठक व्हावी, असे ठरलेले आहे. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. उपकेंद्राचे आरोग्यवर्धिनी केंद्र, आणि २०२३ नंतर आयुष्मान आरोग्य मंदिर, असे नामांतर झाले, तिथे जन आरोग्य समिती आली. सरपंच तिचे अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव. समित्यांची कमतरता नाही. मी सेवेत असताना माझ्या पिशवीत या समित्यांची इतिवृत्ते असत.

ती इतिवृत्ते अनेक ठिकाणी कशी तयार होतात, हे या खात्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मार्च जवळ आला की वही निघते. मागच्या महिन्यांच्या तारखा घातल्या जातात, ठराव आधीच लिहिलेले असतात, आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. सदस्य असलेल्या बाईला आपण सदस्य आहोत हे त्या सहीच्या वेळी कळते. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा निधी. त्याच निधीतून अमुक फलक घ्या, तमुक वस्तू घ्या, अशा तोंडी सूचना वरून येतात, आणि एकाच नमुन्याची बिले गावोगाव लागतात. ज्या वाडीत बाळंतपणाच्या रात्री जीपभाड्याला पैसे नसतात, त्या वाडीच्या नावावर भिंतीला लावायचा घोषवाक्यांचा फलक खर्ची पडतो. आपल्या गावच्या समितीचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे किती वाचकांना माहीत आहे?

हे सारे उलटे होऊ शकते, तेही आपल्या राज्यात झालेले आहे. माझी धाकटी बहीण पुणे जिल्ह्यात दिली आहे. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. पुण्याची 'साथी' संस्था राज्यभर त्याचा समन्वय करत होती आणि गावपातळीवर स्थानिक संघटना होत्या. आमचा जिल्हा त्या पहिल्या यादीत नव्हता, म्हणून बहिणीकडे गेले असता मुद्दाम एक जनसुनवाई पाहायला गेले. आमच्या खात्यात तिच्याबद्दल भीतीच जास्त होती. लोक येऊन शिव्या देतात, असे ऐकले होते.

शाळेच्या आवारात मांडव होता. भिंतीवर मोठे तक्ते, त्यावर गावांची नावे आणि समोर रंग. सेवा चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. गावातल्या लोकांनीच महिनाभर घरोघर विचारून ते रंग भरले होते. नर्सबाई भेटीला येते का, लसीकरण वेळेवर होते का, केंद्रात औषधे मिळतात का, पैसे मागतात का. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही आपल्या गावापुढे लाल दिसत होता. एक बाई उठून म्हणाली, सरकारी दवाखान्यात मला इंजेक्शनचे पैसे पडले. दुसरीने बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी दाखवली. डॉक्टर रात्री थांबत नाहीत, हे तर तीन-चार गावांनी सांगितले. मंचावर तालुक्याचे अधिकारी होते, केंद्राचे तरुण वैद्यकीय अधिकारी होते. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला, आणि खरे सांगते, मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होते.

मग त्यांना बोलायला सांगितले. ते म्हणाले, या केंद्रात डॉक्टरांची दोन पदे मंजूर आहेत, त्यातले एक कित्येक महिने रिकामे आहे. दिवसाची ओपीडी, रात्रीची बाळंतपणे, मीटिंगा, शवविच्छेदन, सगळे एकट्याने. औषधांची मागणी मी लेखी पाठवलेली आहे, या बघा पोचा. मांडव शांत झाला. लोकांना हे माहीतच नव्हते. पैसे घेतल्याची तक्रार त्यांनी मागे घेतली नाही, घ्यायलाही नको होती. पण त्याच बैठकीत ठरले की रिकामे पद भरावे यासाठी प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने ठराव करायचा आणि सगळे मिळून जिल्हा परिषदेत जायचे. औषधांच्या साठ्याचा फलक दर्शनी भागात लावायचे डॉक्टरांनी तिथेच कबूल केले. काही महिन्यांनी बहिणीने कळवले की दुसरे डॉक्टर आले.

आमच्या खात्यातल्या माणसांनी यातून काय घ्यावे, हे मला कळकळीने सांगायचे आहे. आरोग्य सेविकेने औषधासाठी पाठवलेले पत्र फायलीत जाते. पण त्याच मागणीचा ग्रामसभेचा ठराव, वर शंभर माणसांच्या सह्या असलेला, फायलीत ठेवताना अधिकाऱ्याचा हात अडतो. प्रश्न विचारणारे गाव हे खालच्या कर्मचाऱ्याचे वैरी नसते. ते तिचे बळ असते. उपकेंद्रात पाणी नाही, रात्री दिवा नाही, निवासस्थानाचे दार मोडले आहे, ही आम्हा बायकांची गाऱ्हाणी आम्ही वर्षानुवर्षे एकट्याने मांडत आलो. गावाने ती आपली मानली तेव्हाच ती सुटली.

आता सर्पदंशाचे सांगते, कारण पावसाळा काही लांब नाही. आमच्या भागात मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत फारसे नाही, व्रणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोट दुखते, घसा दुखतो म्हणून उठतो, पापण्या मिटायला लागतात, आणि तेव्हा घरातले आधी भगताकडे धावतात. प्रतिसर्पविषाचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाचा, पहिला डोसच आठ-दहा कुप्यांचा असतो. केंद्रात चारच कुप्या असतील तर माणूस तिथून तालुक्याला आणि तालुक्याहून आणखी पुढे जातो, आणि वाटेत श्वास थांबतो. अशा मृत्यूंनंतर मी घरी भेटी दिल्या आहेत.

एका गावाने यावर उपाय काढला तो असा. १ मेच्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय घेतला. केंद्रात प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे डॉक्टरांना लेखी विचारायचे, असा ठराव झाला. उत्तर आले तेव्हा कुप्या अपुऱ्या निघाल्या, आणि पावसाळ्याआधी जास्तीची मागणी गेली. समितीच्या दहा हजारांतून काही रक्कम रात्रीच्या जीपभाड्यासाठी बाजूला ठेवली. १०८ ला फोन करायचाच, पण गाडी डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत रुग्णाला खाली न्यायचे कोणी, झोळीला खांदा कोणाचा, हे वाडीवार ठरवले. आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्यांनी भगताला बैठकीला बोलावले. आम्ही सरकारी माणसे इतकी वर्षे त्याला दूर ठेवत आलो होतो. गावातल्या जाणत्यांनी त्याला सांगितले, "तू अंगारा लाव, पण जीप आधी बोलव." तो तयार झाला. पुढे त्याच्याच फोनवरून जीप निघाल्याचे मी ऐकले. हे आरोग्य शिक्षणाच्या कुठल्या पत्रकाने साधले असते?

आता अडचणीही सांगायला हव्यात, कारण लोकसहभाग म्हटले की सगळे गोड होते असा माझा अनुभव नाही. गाव म्हणजे एक माणूस नसतो. समितीत सरपंचांच्या भावकीतल्या बायका, बैठक गावठाणात, आणि ठाकरवाडीतल्या बाईला निरोपच नाही, असे सर्रास होते. ज्यांना सरकारी दवाखान्याची सर्वांत जास्त गरज असते त्यांचा आवाज बैठकीत सर्वांत कमी ऐकू येतो. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते खासगीत जातात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की वर्षातल्या निम्म्या बैठका तरी वाड्या-वस्त्यांवर व्हाव्यात, आणि त्याही बायकांना सोयीच्या वेळी. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, ग्रामसभांना तर १९९६ च्या कायद्याने वेगळे बळ दिले आहे. आमच्या तालुक्यातली कित्येक गावे त्यात येतात. तिथे आरोग्याचा विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर क्वचितच दिसतो, याचे मला दुःख होते.

दुसरे, लोकसहभागाच्या नावाखाली सरकारला आपले अंग काढून घेता येणार नाही. गाव शस्त्रक्रियातज्ज्ञ आणू शकत नाही, भूलतज्ज्ञ नेमू शकत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. ते गाठलेले नाही. रिकामी पदे भरणे, औषधे पुरवणे, रस्ते करणे ही सरकारची कामे आहेत आणि गावाने वर्गणी काढून ती भरून काढावीत, ही अपेक्षाच चुकीची आहे. लोकांनी सरकारला काम करायला लावावे, यासाठी या समित्या आहेत.

आणि आशाताईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आशा निवडायची ती गावातली, ग्रामसभेच्या संमतीने, गावाच्या वतीने बोलण्यासाठी. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. पण २०२३ साली आपल्या राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले. त्यांच्या हातात आज मोबाइल आहे आणि त्यात भरायच्या माहितीला अंत नाही. दुपारभर नोंदी भरणाऱ्या बाईने गाऱ्हाणी कधी ऐकायची? ज्या बैठकीत तिने गावाच्या वतीने बोलायचे, तिथे ती खात्याची सर्वांत खालची कर्मचारी म्हणून खाली मान घालून बसते. तिला पुरेसे आणि नियमित मानधन द्या. तिच्या कामाचा आढावा जसा खाते घेते तसा गावालाही घेऊ द्या, आणि खात्याच्या कामाचा आढावा घ्यायला तिला मोकळीक द्या.

मार्च २०२२ नंतर राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदांवर बराच काळ प्रशासकच होते. आरोग्य समितीच्या सभेत आमच्या केंद्राचा प्रश्न विचारायला निवडून आलेला सदस्य तिथे नव्हता. त्या काळात गावपातळीची समिती हीच लोकांच्या हातातली एकमेव जागा उरली होती, आणि ती वापरणारी गावे बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

शासनाकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षातून दोनदा जनसुनवाई व्हावी, आणि मागच्या सुनवाईत कबूल केलेल्या गोष्टींचे काय झाले हे पुढच्या सुनवाईत सर्वांत आधी वाचले जावे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तिथे स्वतः हजर राहावे. गावाच्या ठरावाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे बंधनकारक करावे, उत्तर नकाराचे असले तरी चालेल, पण ते कारणासह असावे. अबंधित निधीतून काय घ्यायचे याच्या सूचना वरून देणे थांबवावे. आणि तक्रार करणाऱ्या बाईला पुढच्या वेळी त्याच केंद्रात बाळंतपणाला जायचे असते, हे ध्यानात ठेवून तिचे नाव गुप्त राखण्याची सोय करावी. हे शेवटचे मी फार विचार करून लिहिले आहे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. तालुकावार पानावर बाजारभाव आणि धरणांचा पाणीसाठा आपण छापता. त्याच पानावर पावसाळ्याआधी एकदा तरी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांची मंजूर आणि भरलेली पदे, प्रतिसर्पविषाच्या कुप्या आणि रुग्णवाहिका चालू आहे की बंद, एवढी माहिती मागवून छापावी. ही माहिती दडवण्यासारखी नाही आणि मागितल्यावर ती द्यावी लागते. आपल्या वार्ताहरांना गावोगावचे लोक मदत करतील.

आणि वाचकांनी, विशेषतः बचत गटाच्या भगिनींनी, १ मेच्या ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) एक अर्ज द्यावा. 'ग्राम आरोग्य समितीच्या सदस्यांची नावे, वर्षभरातील बैठकांच्या तारखा आणि निधीचा जमाखर्च सभेत वाचून दाखवावा', एवढे एकच वाक्य पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर

(माझ्यासोबत काम केलेल्या भगिनी अजून सेवेत आहेत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)